मदत हवी आहे: 1972 ची फियाट 1100 डिलाइट, मूळ इंजिन बांधून घ्यावे की दुसरे बसवावे?

नमस्कार. आमच्याकडे 1972 सालची फियाट 1100 डिलाइट आहे. बाबांनी नंबर लावून, बरीच वर्षे वाट पाहून ती घेतली होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघाल्यापासून ती आमच्याच घरात आहे आणि आरसीवरचा इंजिन क्रमांकही पहिल्या दिवसाचाच आहे. गेल्या महिन्यात पुण्याहून कोल्हापूरला परतताना खंबाटकी घाटाच्या चढावर रेडिएटरचा खालचा होज पाइप फुटला आणि मी गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिन जाम झाले.

इंजिन उतरवून उघडल्यावर जे दिसले ते असे. हेड (इंजिनाचे वरचे झाकण) आणि ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य सांगाडा) यांच्यामधले गॅस्केट जळले आहे. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असल्यामुळे उष्णतेने वाकले आहे, मात्र फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग घासून, ते सरळ होईल असे मिस्त्रींचे म्हणणे आहे. क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) आणि त्याची तिन्ही मेन बेअरिंग सुदैवाने वाचली आहेत. खरी अडचण तिसऱ्या सिलिंडरची आहे. तिथला पिस्टन चिकटला होता आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर नखाला लागतील इतके खोल ओरखडे पडले आहेत. या इंजिनाचा मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 68 मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) 75 मिलिमीटर, म्हणजे 1089 सीसी. बाबांनी 1989 साली एकदा बोअरिंग करून (सिलिंडर आतून कापून रुंद करून) घेतले होते, त्यामुळे आज चारही सिलिंडर 68.6 वर आहेत. ओरखडे पूर्ण काढायचे तर 69 पर्यंत जावे लागेल. तसे केल्यास इंजिन साधारण 1122 सीसीचे होईल, पण त्यापेक्षा मला भिंती आणखी पातळ होण्याची काळजी वाटते, कारण एकदा तापून गेलेल्या ब्लॉकची भिंत पातळ असेल तर घाटात तो पुन्हा दगा देऊ शकतो.

म्हणून शिवाजी उद्यमनगरातील एका जुन्या बोअरिंगवाल्यांनी सुचवलेला मार्ग मला अधिक पटतो: चारही सिलिंडरमध्ये स्लीव्ह (आतून बसणाऱ्या नव्या नळ्या) बसवायच्या, होनिंग करून (त्या आतून बारीक घासून) पुन्हा 68 मिलिमीटरवर यायचे आणि स्टँडर्ड मापाचे पिस्टन टाकायचे. फक्त तिसऱ्यालाच स्लीव्ह घालून बाकीचे तीन तसेच ठेवावेत, असे एकाने सांगितले. परंतु मग एका इंजिनात दोन मापांचे पिस्टन येतील, आणि ते मला योग्य वाटत नाही. हेडचे काम, रिंग, बेअरिंग, ऑइल पंप आणि मजुरी धरून एकूण अंदाज 70 हजारांच्या आसपास सांगितला आहे.

दुसरा पर्याय मुंबईतून आला आहे. भंगारात निघालेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचे पेट्रोल इंजिन 30 हजारांत मिळते आहे. इंजिन त्याच घराण्याचे, त्यामुळे माउंटिंग आणि गिअरबॉक्सला फारसा त्रास होऊ नये. परंतु ती टॅक्सी किती लाख किलोमीटर चालली आणि किती वर्षे सीएनजीवर होती, हे कोणी सांगू शकत नाही. सीएनजीवर व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीट लवकर झिजतात, तेव्हा ते इंजिनही उघडावेच लागेल आणि मग ते स्वस्त मिळण्याचा फायदा कुठे राहतो? मुंबईत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या, म्हणजे अशी इंजिने यापुढे कमीच होत जाणार, एवढ्या एका कारणाने मी हा पर्याय अजून सोडलेला नाही.

कागदपत्रांचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीतील बदलांवर बंधन घालते आणि इंजिन बदलले की आरसीवरचा क्रमांक जुळणार नाही. शिवाय 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांपुढची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल तर ती मूळ स्वरूपात हवी. इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, आणि मला तर आईला दर पौर्णिमेला याच गाडीतून नरसोबाच्या वाडीला न्यायचे आहे. त्यामुळे आज मी तशी नोंदणी करणार नाही, परंतु पुढच्या पिढीसाठी ती वाट बंद करण्याचीही माझी इच्छा नाही.

ज्यांनी या इंजिनात प्रत्यक्ष स्लीव्ह घालून घेतल्या आहेत त्यांनी कृपया सांगावे की त्यानंतर गाडी किती चालली, लांबच्या चढावर तापते का, आणि स्लीव्हच्या बाहेरून पाणी झिरपण्याचा अनुभव आला का. तिसऱ्या सिलिंडरच्या वॉटर जॅकेटजवळ (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीजवळ) एक केसासारखी रेघ दिसते. ती तडा आहे की नुसता ओरखडा, हे पाण्याच्या दाबाची चाचणी झाल्यावर कळेल. तडाच निघाला तर कास्ट आयर्नच्या अशा जागी वेल्डिंग किंवा स्टिचिंग (तड्यात धातूच्या पिना बसवून तो सांधणे) टिकते का, की तिथे मूळ ब्लॉकचा आग्रह सोडून टॅक्सीचे इंजिन घ्यावे? मूळ ब्लॉक वाचवण्यासाठी थोडा जास्त खर्च करायची माझी तयारी आहे, पण आईला घेऊन घाटात पुन्हा उभे राहण्याची नाही.

ब्लॉक येत्या सोमवारी चाचणीला जाणार आहे आणि मुंबईच्या विक्रेत्याने इंजिन शनिवारपर्यंतच राखून ठेवले आहे. बोअरची मापे आणि ओरखड्यांचे फोटो कोणाला हवे असल्यास मी लगेच देईन.