सर्व्हे झाला, फोटो झाला, आमचं गाव राहिलं बाजूला

तापीकाठचा:
काल एका प्राध्यापकांची पोस्ट वाचली आणि डोकंच फिरलं. मजकूर असा: "आमच्या विद्यार्थ्यांनी रावेर तालुक्यातील एका गावाच्या सामाजिक, आर्थिक व पर्यावरणीय समस्यांवर संशोधन केले. निष्कर्ष: केळीमुळे भूजल खालावले, शेतकऱ्यांमध्ये जागृतीचा अभाव, कमी पाण्याची पिके घ्यावीत." खाली फोटो. पोरांच्या हातात स्पायरल बाइंडिंग, मागं बॅनर.

ते गाव आमचं. पोरं आली त्या दिवशी बागेत कटाई चालू होती, व्यापाऱ्याची गाडी लागलेली. एकानं मोबाइल पुढं करून विचारलं, "काका, हवामान बदलाविषयी माहिती आहे का? हो, नाही, सांगता येत नाही." म्हटलं, बस बाबा, सांगतो. हिवाळ्यात थंडीचा चरका पडला की पानं कशी होतात, मे महिन्याच्या वादळात उभी बाग कशी झोपते. तर म्हणे, "काका, फक्त टिक करायचंय."

पुढचा प्रश्न वार्षिक उत्पन्न. शेजारच्या तात्यानं ठोकून दिलं, पन्नास हजार. गळ्यात ओळखपत्र घातलेल्या अनोळखी पोरानं कमाई विचारली की माणसाला आधी रेशनकार्ड आठवतं. त्या आकड्यांची सरासरी काढून पोरांनी 'आर्थिक स्थिती' हे प्रकरण लिहिलं.

विहिरीत मात्र कुणी टेप सोडली नाही. बोअर किती फुटांवर गेलं, मोटर मे महिन्यात किती तास ओढते, कुणी विचारलं नाही. आणि जागृतीचा अभाव म्हणे आमच्यात! अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवा, मग बघू अभाव कुणाकडं आहे.

मास्तर_धुळे:
पोस्ट माझी नाही, पण बिरादरी माझी आहे, म्हणून लिहितो. साहेब, पोरं टिक का करतात ते ऐका. वर्गात साठ मुलं, शिक्षक एक, पर्यावरणाचा प्रकल्प सक्तीचा, त्यात नव्या शैक्षणिक धोरणाचा क्षेत्र प्रकल्प. अर्ध्या मुली एसटीच्या पासवर येतात, शेवटची गाडी चुकली की घरी बोलणी. कॉलेजला हवा असतो 'आविष्कार' या संशोधन स्पर्धेसाठी पोस्टर आणि कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या फाइलीसाठी फोटो. तरी माझ्या एका पोरीनं पांझरा नदीच्या काठावरच्या वस्तीत घरोघरी जाऊन पाणी भरायच्या वेळा लिहून आणल्या. नगरसेवकालाही ठाऊक नव्हत्या. सगळ्यांना एकाच टोपलीत टाकू नका.

झेरॉक्सच्या_गल्लीतून:
सर, खरं सांगू? आमच्याकडं फाइल तयार असते. 'गावातील पाणी समस्या: एक अभ्यास'. फक्त गावाचं नाव बदलायचं. एकदा एका पोरानं तेही बदललं नाही. पास झाला.

पाडळसे_कधी:
भूजलाचा विषय निघालाच आहे तर रावेरवाल्यांनी रागावू नये. आम्ही अमळनेर-पारोळ्याकडचे. तापी अमळनेरच्या हद्दीतून जाते आणि आम्ही टँकरची वाट बघतो. तापीवरच्या रखडलेल्या पाडळसे धरणाची वाट बघत एक पिढी म्हातारी झाली. तुम्ही मात्र सातपुड्याच्या पायथ्याला बसून बोअर मारता आणि कॉलेजच्या पोरांनी 'पाणी कमी लागणारं पीक घ्या' म्हटलं की अंगाला लावून घेता. पोरं चुकीच्या रस्त्यानं गेली असतील, पोचली बरोबर ठिकाणी.

तापीकाठचा:
आप्पा, पाडळसे रखडलं ते आम्ही रखडवलं का? त्याचा राग केळीवर कशाला? आमच्याकडं पाटपाणी कुणी देत नाही आता, सगळी केळी ठिबकवर आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते काय फुकट? पाण्याचा हिशोब आम्हाला शिकवू नका.

पाडळसे_कधी:
ठिबकचं कौतुक पुरे. ठिबकनं पाणी वाचलं, मग त्या वाचलेल्या पाण्यावर काय केलं? आणखी चार एकर लावली. आधी मृगबाग म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाची लागवड, मग कांदेबाग म्हणजे पावसाळा सरतानाची, वर पिलबाग, जुन्या खोडाच्या पिलांवरची. जमिनीखालचं पाणी काही तुमच्या सातबाऱ्यावर नाही.

तापीकाठचा:
तुमच्याकडं पाणी आलं तर तुम्ही बाजरी लावणार का? तुम्हीही केळीच लावणार. उगा साळसूदपणा नको भो.

पाडळसे_कधी:
लावू! आधी पाणी तर येऊ द्या!

विमा_नाही_मिळाला:
पाणी सोडा, मला सांगा या पोरांना विम्याचा अभ्यास का देत नाहीत. फळपीक विमा हवामान केंद्राच्या आकड्यावर ठरतो. केंद्र महसूल मंडळाचं, ते असतं एकीकडं, माझी बाग दुसरीकडं, नाल्याकाठच्या सखल रानात. थंडी तिथं जास्त बसते. पहाटे पानं काळी पडली, केंद्राचा पारा म्हणतो निकषात बसत नाही. दोन पोरं आणि दोन थर्मामीटर, एक हिवाळा. एवढं करा, मी स्वतः त्यांना डबा देतो.

मास्तर_धुळे:
हा विषय चांगला आहे. चोरतोय.

विमा_नाही_मिळाला:
चोरा. पण निकाल आमच्या विरुद्ध गेला तर दाबू नका म्हणावं, आणि बाजूनं गेला तर फक्त पोस्टरवर चिकटवून ठेवू नका.

धडगावची_पोरगी:
तुमचं केळी-केळी झालं असेल तर नंदुरबारचंही बोलू का? आमच्याकडं येणारे फक्त कुपोषण विचारतात. एका कॉलेजची बस जानेवारीत आमच्या पाड्यावर आली होती. त्या वेळी अर्धा पाडा गुजरातेत ऊसतोडीला. घरांना कुलपं, अंगणात म्हातारी आणि बारकी पोरं. अहवालात काय लिहिलं? 'गावात वृद्धांचे प्रमाण अधिक आहे.' माझ्या आजीला प्रमाण मराठीत प्रश्न विचारले, ती पावरी बोलते. ती हसत होती, तर शेरा मारला 'उत्तरदात्याचा प्रतिसाद समाधानकारक'.

मी त्याच आजीला पदवीच्या प्रकल्पासाठी विचारलं, कोण कधी गेलं, मुकादमानं उचल किती दिली, परत येताना हातात काय राहिलं. आजीनं भिंतीवर कोळशानं ओढलेल्या रेघा दाखवल्या. दर घराची वेगळी. प्रश्नावलीत त्याला रकाना नव्हता, म्हणून मी फोटो जोडले. माझे गुण कापले, कारण 'नमुना निवड पद्धत स्पष्ट नाही'.

मास्तर_धुळे:
ताई, गुण कापणाऱ्यांच्या वतीनं मी काय बोलणार. पण पद्धत लिहायला हवी होतीच. कोणती घरं घेतली, कोणती सुटली, हे सांगितलं नाही तर उद्या कुणीही म्हणेल की ओळखीच्याच घरी गेलात.

धडगावची_पोरगी:
ओळखीच्याच घरी गेले होते सर. म्हणूनच खरं सांगितलं.

बारीपाड्याचा_पाहुणा:
साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जाऊन या एकदा. तिथं जंगल राखायचं काम उभं करणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. गावानं स्वतः नियम करून जंगल राखलं, वनभाजी स्पर्धा भरवली.

पाडळसे_कधी:
गेलोय. आता तिथंही अभ्यास दौऱ्याच्या बसा लागतात. जे गाव अडचणीतून सुटलं त्याचा अभ्यास करायला सगळे पुढं. पाणी अडवायच्या शिरपूर पॅटर्नचंही तेच, खोल केलेल्या नाल्यापुढं फोटो काढायचे. अडकलेल्या गावात कुणी मुक्काम करत नाही.

तापीकाठचा:
आयुष्यात पहिल्यांदा अमळनेरवाल्याशी पटलं. तारीख लिहून ठेवा.

मास्तर, तुमच्याकडं पोरं असतील तर आमच्या शिवारात पाठवा. भूजल सर्वेक्षणवाले निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात. तुम्ही त्याच महिन्यांत शेजारच्या शेतांतल्या मोजा. कुणाची विहीर, किती बोअर, किती एकर केळी, सगळं समोर येऊ द्या. माझीही आकडेवारी देतो. आमचं पाणी खाली गेलंय हे मला ठाऊक नाही असं थोडंच आहे? माझ्या बापाच्या वेळची विहीर आज कोरडी आहे. माझा राग हा की ते मला माझ्याच बांधावर न बघता सांगितलं जातं.

मास्तर_धुळे:
म्हणजे पोरांचा निष्कर्ष बरोबर होता, असंच म्हणताय ना?

तापीकाठचा:
जागृतीचा अभाव सोडून.

मास्तर_धुळे:
बरं. ऑक्टोबरात पाठवतो. मे महिन्यात परीक्षा असते.

तापीकाठचा:
ऑक्टोबरात सगळ्यांच्याच विहिरी भरलेल्या असतात सर. मे महिन्यातही यायला लागेल, परीक्षेचं तुम्ही बघा.