पणजोबा बसऱ्याला गेले की आणखी कुठे? आबांना ती जागा दाखवायची आहे

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे, सांभाळून घ्या.

माझे आबा (वडिलांचे वडील) ८३ वर्षांचे. गाव पाटण तालुक्यात. आबांचे वडील दुसऱ्या महायुद्धात गेले ते परत आले नाहीत. ते वारले तेव्हा आबा दीड वर्षाचे. बापलेकांची गाठ कधी पडलीच नाही, कारण आबा जन्मले तेव्हा पणजोबा बोटीने निघून गेलेले होते. घरात आणि गावात त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक आहे की ते 'बसऱ्याला गेले'. आमच्याकडे कुणी बाजारातून उशिरा आलं तर अजूनही विचारतात, "बसऱ्याला गेला होतास व्हय?" म्हणणाऱ्या पोरासोरांना त्यामागचा माणूस माहीत नसतो.

गेल्या वर्षी आजी गेली. दिवस झाल्यावर आबांनी धोशा लावला की एकदा ती जागा बघायची. आम्हाला वाटलं, विसरतील. ते थेट साताऱ्याला जाऊन पासपोर्टच्या रांगेत उभे राहिले. आता पासपोर्ट हातात आहे आणि रोज सकाळी मला पुण्याला फोन येतो, "काय कळलं का?"

आमच्याकडे पुरावा म्हणाल तर पणजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत निघालेल्या दोन वस्तू. एक पेन्शनचा कागद, घडीवर फाटलेला. त्यावर शिपाई, नंबर आणि '५ मराठा' एवढं वाचता येतं. दुसरी म्हणजे बोटभर लांबीची एक फीत. तिला पूर्वी पितळी चांदणी होती म्हणे, ती ७२ च्या दुष्काळात मोडीत गेली. (कुणी घातली यावर दोन चुलत्यांमध्ये अजून वाद आहे.) फितीवर सारख्या रुंदीचे पाच पट्टे आहेत: लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल. रंग विटलेत पण ओळखू येतात.

इराकमध्ये बसऱ्याला आज जाता येतं का? तिथे कबर असेल का? आणि या वयाच्या माणसाला न्यावं का?

माजी_सुभेदार

ताई, बसऱ्याचं तिकीट काढू नका. तुम्ही वर्णन केलेली फीत 'इटली स्टार'ची आहे. लाल-पांढरा-हिरवा हा इटलीच्या झेंड्याचा रंग. मोडीत गेली ती सहा टोकांची चांदणी तीच. इटलीच्या मोहिमेतल्यांना ती मिळाली. म्हणजे तुमचे पणजोबा इटलीपर्यंत पोचले होते, हे नक्की.

पण घरच्यांना खोटं पाडू नका. कागदावरचं '५ मराठा' हे मराठा रेजिमेंटचं तेव्हाचं नाव. तिची १ली बटालियन इटलीत ८व्या भारतीय डिव्हिजनमध्ये लढली आणि ३री १०व्या डिव्हिजनमध्ये. या दोन्ही डिव्हिजनी आधी इराकमध्ये होत्या. ८वी डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या टाचेला, तारांतो बंदरात उतरली. गावात शेवटचं पत्र बसऱ्याहून आलं असेल, पुढचं काही आलं नसेल. मग गावाने माणूस बसऱ्यालाच ठेवला. शिवाय पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी इराकमधल्या कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या, तेव्हापासून आपल्याकडे परमुलखातली लढाई म्हणजे बसरा, असं जुने लोक बोलतच.

कागदावरचा नंबर जपा. नावापेक्षा नंबर मोठा. रेजिमेंटचं सेंटर बेळगावला आहे, तिथे नंबर, नाव, गाव लिहून अर्ज करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवलात तर बरं.

इटलीत मराठ्यांना दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, वरच्या तिबेर खोऱ्यात, वय २२. आणि नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदीवर. जाधव घरी आले. घाडग्यांची कबर नाही, इटलीतल्या कसिनो गावच्या स्मारकावर फक्त नाव आहे. हे मुद्दाम सांगतोय. एवढ्या मोठ्या वीराची कबर नाही, तेव्हा आपणही कबरीची आशा धरून जाऊ नये.

पायपीट

सुभेदारकाकांच्या शेवटच्या वाक्याला जोडून.

आपल्या हिंदू शिपायांपैकी बऱ्याच जणांना तिथेच अग्नी दिला गेला. ज्यांना दहन दिलं त्यांची नावं इटलीत तीन ठिकाणच्या दहन-स्मारकांवर कोरली आहेत: सांग्रो नदीजवळ, फोर्लीला आणि रिमिनीला (रिमिनीचं गुरख्यांचं). ज्यांचा पत्ताच लागला नाही ते कसिनोच्या स्मारकावर, तिथे चार हजारांवर नावं आहेत. आणि ज्यांना पुरलं, त्यांच्या शिळा वेगवेगळ्या स्मशानभूमींत. तेव्हा आधी नाव कुठे आहे ते शोधा, मग विमान.

शोध घरबसल्या आणि फुकट होतो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांची यादी आहे. आमच्या चुलत पणजोबांच्या वेळी मी तिथे चार रात्री घालवल्या, म्हणून तुमच्या तीन रात्री वाचवतो.

आडनावावर भरवसा ठेवू नका. साहेबाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय. आमचं आडनाव तीन तऱ्हांनी सापडलं आणि खरं होतं ते चौथ्या तऱ्हेने लिहिलेलं. कधी आडनाव गाळून नुसतं नाव घातलेलं असतं. रेजिमेंटही आजच्या स्पेलिंगने शोधू नका. तेव्हा इंग्रजीत 'मराठा'ऐवजी 'महरट्टा' लिहीत, मध्ये 'ह' आणि दोन 'ट'. देश इटली, दल भारतीय, रेजिमेंट, साल एवढं भरा आणि नावाची जागा कोरी सोडा. मग आलेली सगळी यादी बोट ठेवून वाचत जा. नंबर जुळला की संपलं.

नोंदीच्या तळाशी कधीकधी जास्तीची माहिती असते, बापाचं नाव, गाव, जिल्हा. ती ओळ आधी बघा. गावाचं नावही साहेबाच्याच कानाचं असतं, तेव्हा मोठ्याने वाचा. डोळ्यांना कळत नाही ते कानाला कळतं.

रोखठोक

राग मानू नका, पण जो माणूस इंग्रजांच्या लढाईत इंग्रजांसाठी मेला, त्याच्या नावाच्या पाटीसाठी म्हाताऱ्या माणसाला सात समुद्रापार न्यायचं? त्या पैशात गावात चांगलं काहीतरी होईल.

माजी_सुभेदार

रोखठोक, त्या पोराच्या गावात तेव्हा दोनच वाटा होत्या, मुंबईची गिरणी नाहीतर भरती. त्याने कुणाचा झेंडा बघून सही केली नव्हती. अंगठा केला असेल.

कोयनाकाठ

रोखठोक, पैसे आबांचे आहेत. रिटायर होईपर्यंत एसटीत कंडक्टर होते, हिशेब त्यांना कळतो.

बाकी सगळ्यांना: सापडले!! कालची रात्र जागले. पायपीटदादा म्हणाले तसंच, आडनावात एक अक्षर भलतंच होतं, पण नंबर आकड्याला आकडा जुळला. डिसेंबर १९४३. वय २४. सांग्रो नदीचं दहन-स्मारक.

घरी अजून सांगितलेलं नाही. शनिवारी गावी जाऊन समोर बसून सांगणार. त्याआधी तिथे कसं जायचं ते कळलं तर बरं, कारण पुढचा प्रश्न तोच येणार.

बोलोन्याची_वहिनी

अगं, सांग्रोला मी जाऊन आलेय! लग्नानंतर बारा वर्षं इथे आहे, नवऱ्याच्या मागे लागून गेले होते.

पहिली सूचना. गावाचं नाव तोरिनो दी सांग्रो. नुसतं 'तोरिनो' टाकून तिकीट काढलंस तर तू उत्तरेला आल्प्सच्या पायथ्याशी पोचशील, आणि ही जागा आहे दक्षिणेकडे आब्रुत्सोमध्ये, आद्रियातिक समुद्राच्या बाजूला. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने हॉटेल असंच भलत्या तोरिनोत घेतलं होतं. आता हसतात, तेव्हा नव्हते हसले.

रोमला उतरा. एक दिवस आबांना झोपू दे. मग तिबुर्तिना स्टेशनाजवळून पेस्काराची बस, ती डोंगर ओलांडून तीनेक तासांत समुद्राकडे आणते. पेस्कारात मुक्काम. तिथून स्मशानभूमीपर्यंत मात्र गाडी भाड्याने घ्या, किंवा हॉटेलवाल्याला सांगून जाऊन-येऊन टॅक्सी ठरवा. आगगाडी किनाऱ्याने जाते आणि जागा वर टेकडीवर आहे. आबांना तो चढ चालवू नकोस. रविवारी टॅक्सीची आशा नको, आणि ऑगस्टचा मधला आठवडा तर अख्खा इटली बंद. मे किंवा सप्टेंबर बरा.

आता जागेबद्दल. उतारावर अर्धगोलात शिळांच्या रांगा, अडीच हजारांहून जास्त. हिरवळ इतकी नेटकी कापलेली की चप्पल काढावीशी वाटते. हिंदू शिपायांच्या शिळांवर देवनागरीत 'ॐ भगवते नमः' असतं. इटलीतल्या टेकडीवर ती अक्षरं बघून मी नवऱ्याचा हात घट्ट धरला होता, एवढंच सांगते. दहन-स्मारक त्याच आवारात आहे आणि त्यावर पाचशेच्या वर नावं आहेत. नावं इंग्रजी अक्षरांत, तेव्हा आबांसाठी कागदावर ठळक लिहून ने, म्हणजे ते स्वतः शोधतील. तू बोट दाखवू नकोस. भिंतीतल्या छोट्या कपाटात नोंदवही असते, शेजारी भेट देणाऱ्यांची वही. तिच्यात मराठीत लिही.

आणि आबा काही बरोबर न्यायचं म्हणतीलच, म्हणून हेही. शेतातली माती आणायची नाही. युरोपात बाहेरची माती आणायला बंदी आहे, आणि इथली माती परवान्याशिवाय भारतात नेता येत नाही. कंदी पेढे तर मुळीच नको, दुधाचं काहीही चालत नाही. माझ्या आईचे पाव किलो पेढे कचऱ्यात गेलेत. पण नारळ चालतो! फळांना कागदपत्रं लागतात, त्यातून पाचांना सूट आहे: अननस, केळं, खजूर, ड्युरियन आणि नारळ. नारळ ठेवा, दगडावर फोडू नका. उदबत्ती-दिवाही तिथल्या माळ्याला विचारल्याशिवाय नको, फार प्रेमाने राखलेली जागा आहे.

दोन दिवस जास्तीचे असतील तर उंब्रियातल्या मोंतोने गावी जा. २०२३ मध्ये तिथे यशवंत घाडग्यांच्या नावाने स्मारक झालं, चक्क सूर्यघड्याळ. त्यावर लॅटिनमध्ये 'सगळे एकाच सूर्याखाली' अशा अर्थाचं वाक्य आहे. पण हे आबांच्या तब्येतीवर सोड. सांग्रो झालं की ते घरी चला म्हणणार, माझं मत.

पायपीट

वहिनींचं सगळं बरोबर, एक भर. व्हिसाच्या अर्जाला कमिशनच्या नोंदीची छापील प्रत जोडा आणि पत्रात लिहा की ८३ वर्षांचा मुलगा वडिलांच्या स्मारकाला जातोय. प्रवासाचं कारण एवढं स्वच्छ क्वचितच असतं. वयामुळे प्रवास-विमा महाग पडेल, तो आधी बघा.

ताई, शनिवारी काय झालं ते कळवा. आणि नोंदीच्या तळाची ती ओळ होती का?

कोयनाकाठ

होती.

शनिवारी जेवणं झाल्यावर ओसरीवर सांगितलं. "इटली," म्हटल्यावर आबा म्हणाले, "सोनिया गांधींची?" मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी बसरा न्हवंच." मी सुभेदारकाकांचं सगळं सांगितलं, की बसराही असणार, आधी बसरा, मग पुढे. ते त्यांना पटलं. आईला गावाने फसवलं नव्हतं एवढं त्यांना हवं होतं, असं मला वाटलं.

मग नोंद दाखवली. मी आधी इंग्रजीत वाचली, मग पायपीटदादांचं ऐकून मोठ्याने, अक्षर अक्षर फोडून. अमक्याचा मुलगा. पुढे 'हजबंड ऑफ' आणि एक नाव. गावाचं नाव मोडकं, पण आमचंच. पणजीला मी पाहिलेलं नाही. घरात सगळे तिला 'थोरली' म्हणायचे, आबासुद्धा. पेन्शनच्या कागदावरची नावाची जागा नेमकी घडीत फाटलेली. चुलत्यांना तिचं नाव आठवेना.

आबांनी मला ती ओळ तीनदा वाचायला लावली. साहेबाने तिच्या नावाची पार वाट लावलीय, शेवटी नको ती वेलांटी. आबांनी ते सुधारून दिलं.

सप्टेंबर ठरवलाय. नारळ घरच्या झाडाचा नेणार म्हणतात. वहिनी, सोललेला न्यायचा की शेंडीसकट?

बोलोन्याची_वहिनी

शेंडीसकट. आणि मोठ्या बॅगेत टाक, हातातल्या नको. पेस्कारात कुठल्या तारखा ते कळव, जमलं तर मीच गाडी घेऊन येते.