टॅक्स क्रेडिटचे जास्त आलेले पैसे परत मागतायत, कुणाला अनुभव आहे का?

सातेरी_स्विंडन

नमस्कार मंडळी. मी इथे नेहमी नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या. आम्ही स्विंडनला असतो, सासर डिचोली, माझं माहेर सावंतवाडी. सासऱ्यांमुळे पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला आणि त्यावर इकडे आलो, आता सगळ्यांना सेटल्ड स्टेटस (इथे कायम राहायची परवानगी) आहे. मिस्टर वेअरहाऊसला नाइट करतात, मी शाळेच्या किचनमधे रोज चार तास. दोन पोरं. इतकी वर्षं टॅक्स क्रेडिट (कमी पगाराच्या घरांना सरकार घालायचं ती भर) मिळायचं, मग ते बंद होणार म्हणून लेटर आलं आणि मार्च २०२५ मधे आम्ही त्याच्या जागी आलेल्या युनिव्हर्सल क्रेडिटवर गेलो. तोवर सगळं ठीक होतं.

आता गेल्या आठवड्यात लेटर आलंय की २०२४-२५ चं टॅक्स क्रेडिट तुम्हाला २,१४० पौंड जास्त दिलं गेलंय, ते परत द्यायचे आहेत आणि हे कर्ज आता युनिव्हर्सल क्रेडिटवाल्यांकडे पाठवलंय. कर्ज हाच शब्द! आम्ही कुणाकडून पाच पौंड उसने घेतले नाहीत कधी. दर वर्षी रिन्यूअल वेळेत केलं, पगार जेवढा तेवढाच सांगितला, मग जास्त कुठून आलं?

मिस्टर म्हणतात चवथीच्या तिकिटांसाठी ठेवलेले पैसे देऊन टाकू आणि मोकळं होऊ, गावाला पुढच्या वर्षी जाऊ. थोरले दीर म्हणतात उत्तरच देऊ नका, विसरून जातात ते लोक. तिसऱ्या एकीने सांगितलं की बेनिफिटचं (सरकारी मदतीचं) देणं राहिलं तर पुढे ब्रिटिश पासपोर्ट मिळत नाही आणि फ्रॉडची केस होते. चार रात्री झोप नाही मला, किचनमधे परवा कस्टर्ड करपवलं. एकरकमी भरावे लागतात का? पोलिस वगैरे प्रकार असतो का? कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

लेस्टरचा_काका

सातेरीताई, आधी झोप काढा. मी रिटायर झाल्यापासून आमच्या इथल्या एका सल्ला केंद्रात आठवड्यातून एक दिवस बसतो, असली लेटरं घेऊन येणारे भरपूर बघितलेत, आपले दीव-दमणचे गुजराती तर विचारू नका.

पहिली गोष्ट, जास्त पैसे येणं आणि फ्रॉड या दोन वेगळ्या भानगडी आहेत. फ्रॉड म्हणजे मुद्दाम खोटं सांगणं. तुमचं तसं काही नाही, त्यामुळे पोलिसाचा विषय डोक्यातून काढा.

दुसरं, जास्त कुठून आलं. टॅक्स क्रेडिट हे प्रकरणच असं होतं की वर्षभर पैसे द्यायचे ते मागच्या वर्षीच्या कमाईवर, आणि खरा हिशोब एप्रिलनंतर. आपल्याकडे मीटर न बघता सरासरीने लाइट बिल पाठवतात आणि मग एकदम फरक लावतात, तसंच. वर्षात कमाई वाढली तर मधे कळवायची सक्ती नव्हती, पण हिशोबात ती धरली जायचीच, फक्त पहिले २,५०० पौंड सोडून. म्हणजे तुम्ही सगळे नियम पाळूनसुद्धा वर्षअखेर देणं निघू शकतं. २००३ साली ही स्कीम सुरू झाली तेव्हा पहिल्याच वर्षी २ अब्ज पौंडांच्या वर जास्त वाटले गेले आणि मग लोकांच्या मागे लागले, पार्लमेंटमधे केवढा गोंधळ झाला होता. मग ती २,५०० ची सूट एकदम २५,००० केली, आणि पुढच्या सरकारांनी ती परत कमी कमी करत २०१६ ला पुन्हा २,५०० वर आणून ठेवली. त्यामुळे ‘आम्ही काय केलं’ हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारणं बंद करा.

एकरकमी अजिबात भरू नका. युनिव्हर्सल क्रेडिटमधून ते दर महिन्याला थोडे थोडे कापतात. आधी २५ टक्क्यांपर्यंत कापायचे, ३० एप्रिल २०२५ पासून तो टक्का १५ केलाय. हे १५ टक्के तुमच्या पूर्ण पैशावर नाही, फक्त स्टँडर्ड अलाउन्सवर, म्हणजे मूळ ठरावीक रकमेवर. नवराबायको दोघं पंचविशीच्या वर असतील तर २०२५-२६ साठी तो ६२८ पौंड आहे, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त ९४ च्या आसपास. तेही झेपत नसेल तर डेट मॅनेजमेंटला (त्यांच्या वसुली विभागाला) फोन करून घरखर्चाचा हिशोब सांगायचा आणि हप्ता कमी करून मागायचा, करतात कमी. व्याज लावत नाहीत. मग घाई कशाला?

दिरांचं मात्र ऐकू नका. विसरत नाहीत ते. युनिव्हर्सल क्रेडिट बंद झालं तर पगारातून कापायचाही अधिकार आहे त्यांना, आणि त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही.

आता मला दोन गोष्टी सांगा. मिस्टरांची कमाई आदल्या वर्षीपेक्षा किती वाढली? आणि पोरांना सांभाळायचा खर्च तुम्ही दाखवत होता का?

हाउन्स्लो_वेस्ट

कुणाला राग येईल पण स्पष्ट लिहितो. पैसे जास्त आले तर परत द्यायचे, त्यात एवढं रडण्यासारखं काय आहे? आम्ही व्हिसावर होतो तेव्हा पासपोर्टवर शिक्काच होता, पब्लिक फंडला हात लावायचा नाही, तरी जगलोच की. आपली मराठी माणसं बेनिफिटवर राहतात हेच मला नवीन आहे.

पोळीभाजी_यूके

@हाउन्स्लो_वेस्ट बेनिफिटवर राहतात काय?? ते दोघंही काम करतात, नीट वाचा. हे पैसे काम करणाऱ्यांनाच मिळायचे, त्याचं नावच वर्किंग टॅक्स क्रेडिट. नाइट शिफ्ट करून घरी आलेला माणूस आणि शंभर पोरांना जेवण वाढून आलेली बाई, यांच्या पगारात इथलं भाडं निघत नाही म्हणून सरकार भर घालतं.

आणि राहता राहिलं परत देणं, तर तुमच्यासारख्या मोठ्या पगारवाल्यांनाही चुकलेलं नाही ते. चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) घेता ना? साठ हजारांवर पगार गेला की दर दोनशे पौंडाला एक टक्का परत, ऐंशी हजाराला सगळंच परत. माझ्या ओळखीत आयटीतल्या किमान तीन घरांना बोनस मिळाल्यावर ही नोटीस आलीय. तेव्हा त्यांना कुणी लेक्चर नाही दिलं.

सातेरी तू लक्ष देऊ नकोस गं. फक्त एक, ते लेटर खरं आहे ना बघ आधी. हल्ली व्हॉट्सॅपवर, टेक्स्टवर खोटे मेसेज फार येतात, लिंकवर क्लिक करा पैसे भरा. तुझ्या युनिव्हर्सल क्रेडिटच्या जर्नलमधे (ऑनलाइन खात्यात मेसेज लिहायची जागा असते तिथे) लिहून विचार, की माझ्या नावावर देणं दिसतंय का.

निशिगंधा_साउथॉल

मी यातून गेलेय म्हणून लिहिते. आमचा क्लेम जॉइंट होता आणि नंतर आम्ही वेगळे झालो. जॉइंट क्लेमचं देणं दोघांचंही असतं, त्यामुळे नवऱ्याने काय कमावलं मला माहीत नाही म्हणून सुटका नाही. पण वेगळं झाल्यावर अर्धं अर्धं वाटून मिळतं, पूर्ण रक्कम एकटीच्या डोक्यावर बसत नाही. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, मी कितीतरी महिने सगळंच माझं समजून भरायची तयारी करत होते. सातेरीला हे लागू नाही, पण इथे कुणीतरी गुपचूप वाचत असेल म्हणून.

सिटिझनशिपचं, माझं झालं गेल्या वर्षी, हप्ता चालू असताना. नुसतं देणं आहे म्हणून सहसा नाकारत नाहीत, ठरल्याप्रमाणे फेडताय ना एवढं महत्त्वाचं. लपवायचं मात्र नाही.

आणि फोन सकाळी आठला लाव, दुपारी लावलास तर ते म्युझिक ऐकत जेवण होईल तुझं.

सातेरी_स्विंडन

सगळ्यांचे खूप खूप आभार, खरंच रडू आलं वाचून. लेटर खरंच आहे, जर्नलवर विचारलं, त्यांनी हो म्हटलं.

काका, मिस्टरांचे पी६० (वर्षभराच्या पगाराचे दाखले) काढून बघितले. आधीच्या वर्षीपेक्षा साधारण ६,००० वाढलेत. ख्रिसमसला दोन महिने ओव्हरटाइम होता, शिवाय नाइटचा रेट वाढला. माझा पगार तेवढाच. आणि हो, चाइल्डमाइंडर होती, आठवड्याला ९० पौंड, ते दाखवलेलं होतं. सप्टेंबरात धाकटी शाळेत लागली तेव्हा ती बंद केली. बंद केल्याचं मी हेल्पलाइनला फोन करून सांगितलेलं, फ्रिजवरच्या कालनिर्णयवर ९ सप्टेंबरच्या चौकोनात ‘टॅक्स फोन झाला, चाइल्डमाइंडर’ असं माझ्याच अक्षरात लिहिलंय, खाली दुधाच्या हिशोबाशेजारी. ते कालनिर्णय अजून आहे, मी मागच्या कोऱ्या जागेवर पाककृती लिहिते म्हणून टाकत नाही. पण बँकेत बघितलं तर पैसे डिसेंबरपर्यंत तेवढेच येत होते, आम्हाला वाटलं हिशोब होऊन तेवढेच बसतायत.

लेस्टरचा_काका

वा, हे कालनिर्णय जपून ठेवा आणि आजच त्या पानाचा फोटो काढा.

आता ढोबळ हिशोब बघा. ६,००० वाढले, त्यातले २,५०० सोडले, राहिले ३,५००. दर पौंडाला ४१ पेन्स या दराने क्रेडिट कमी व्हायचं, म्हणजे १,४३५. हा भाग कुणाच्याच चुकीचा नाही आणि यावर भांडून उपयोगही नाही, तो द्यायचाच आहे.

चाइल्डमाइंडरचे ते ७० टक्के देत होते, म्हणजे ९० चे ६३. सप्टेंबर ते डिसेंबर धरून साधारण बारा आठवडे, ७५६ झाले. दोन्ही मिळून २,१९१, लेटरमधे २,१४०. तुम्ही मार्चमधेच बाहेर पडलात म्हणून थोडा फरक. म्हणजे कोडं सुटलं.

या ७५६ वर मात्र बोलता येईल. एचएमआरसीचं (टॅक्स खात्याचं) स्वतःचं कोड ऑफ प्रॅक्टिस २६ आहे, त्यात लिहिलंय की तुम्ही बदल कळवल्यावर त्यांनी ३० दिवसांत तो नोंदवायला हवा. तुम्ही तुमचं काम केलं असेल आणि नोंद झाली नसेल तर त्यापुढचे पैसे मागू नका असं म्हणता येतं. पण तिथेच दुसरं वाक्य आहे की नवीन अवॉर्ड नोटीस (किती क्रेडिट मिळणार ते सांगणारं पत्र) आली की ती तुम्ही तपासायची आणि चूक दिसली तर तुम्हीही ३० दिवसांत सांगायचं. तर सप्टेंबर-ऑक्टोबरात घरी नोटीस आली होती का, आणि तिच्यात चाइल्डकेअरचा आकडा काय होता, ते शोधा. सगळं यावर आहे.

दोन वेगळे रस्ते आहेत आणि लोक ते एकात एक करतात. आकडाच चुकलाय असं वाटत असेल तर ‘मॅन्डेटरी रिकन्सिडरेशन’, म्हणजे निर्णय पुन्हा तपासा अशी मागणी, निर्णयाच्या तारखेपासून ३० दिवस. आकडा बरोबर आहे पण चूक आमची नाही म्हणून वसूल करू नका असं म्हणायचं असेल तर टीसी८४६ फॉर्म, त्याला तीन महिने मिळतात, ऑनलाइन भरता येतो. तुमचा रस्ता दुसरा. त्याबरोबर सब्जेक्ट अॅक्सेस रिक्वेस्ट टाका, म्हणजे तुमच्या नावाच्या नोंदी आणि फोनचं रेकॉर्डिंग असेल तर ते फुकट मागता येतं. डिस्प्यूट टाकला म्हणून कापणं थांबत नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर पुढच्या महिन्यात मला शिव्या द्याल.

आणि हे टॅक्स क्रेडिटचं आहे म्हणून एवढं तरी भांडता येतंय. युनिव्हर्सल क्रेडिटमधे त्यांच्याच चुकीने जास्त आले तरी कायद्याने परत मागता येतात. त्यामुळे इथून पुढे दर महिन्याचं स्टेटमेंट उघडून मिस्टरांचा पगार पेस्लिपशी ताडून बघायची सवय लावा. आठवड्याचा पगार असेल तर पाच पगार पडणाऱ्या महिन्यात युनिव्हर्सल क्रेडिट कमी येतं, तेव्हा घाबरू नका, चार पगारांच्या महिन्यात भरून निघतं.

तिकिटं काढा. जुलै लागला, पुढे परवडणार नाहीत.

मिरजेचा_मिलिंद

काका, विषय निघालाच आहे तर, आम्हाला २००९ चं टॅक्स क्रेडिटचं देणं आता कापायला लागलेत. सहा वर्षांनंतर इथे कुठलंच कर्ज वसूल करता येत नाही ना?

लेस्टरचा_काका

सहा वर्षांची अट कोर्टात जायला आहे, बेनिफिटमधून कापायला नाही, त्यामुळे त्या आशेवर राहू नका. पण एवढं जुनं असेल तर मुकाट्याने मान्यही करू नका, कुठल्या वर्षाचं, कशामुळे निघालं आणि आतापर्यंत किती फेडलंय याचा तपशील लेखी मागा. त्या काळात चालू क्रेडिटमधूनही कापून घ्यायचे, कदाचित अर्धं आधीच गेलं असेल. जुनी बँक स्टेटमेंटं आहेत का?

मिरजेचा_मिलिंद

माळ्यावर असतील. शनिवारी बघतो.

सातेरी_स्विंडन

काका, नोटीस मिळाली! ऑक्टोबरची आहे, पान तीनवर चाइल्डकेअरच्या पुढे काहीच नाही, शून्य लिहिलंय. मग ही आपल्या बाजूने की विरुद्ध?

लेस्टरचा_काका

म्हणजे तुमच्या फोनची नोंद झाली होती. तुमच्या हातातला कागद बरोबर होता आणि पैसे मात्र जुन्याच आकड्याने येत राहिले. माझ्या मते बाजूने, पण पैसे जास्त येतायत हे तुम्हाला कळायला हवं होतं असं ते म्हणू शकतात. त्या नोटिशीत पुढे दर आठवड्याला किती मिळणार आणि कुठल्या तारखेपासून, असा तक्ता असेल. तो आणि बँकेतले आकडे शेजारी शेजारी लिहून काढा, मग फॉर्म भरू. वैयक्तिक कागद इथे टाकू नका, मला मेसेज करा.