मोफत फ्यूजनमधली रॅपिडबंदी: मर्यादा कमाईवर हवी की मशीनच्या चालीवर?

पाचर
ऑटोडेस्कने १ ऑक्टोबर २०२० पासून फ्यूजनचा, म्हणजे वस्तूचे डिझाइन करून मशीनचा प्रोग्रॅम काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा, मोफत वैयक्तिक परवाना बराच आखडता घेतला. संपादनासाठी एका वेळी १० फाइली, ड्रॉइंगचे एकच पान, सिम्युलेशन बंद. मिलिंगच्या प्रोग्रॅममधून रॅपिड चालीही, म्हणजे न कापता कमाल वेगाने सरकायच्या चाली, काढल्या. टूल हवेत असले तरी रॅपिडच्या जी० ऐवजी कापायचा जी१ येतो, म्हणजे मशीन कापायच्याच फीडने (वेगाने) सरकते. वर्षाला १,००० डॉलरपेक्षा कमी कमाई, ही अट परवान्यात आहेच. धंदेवाल्याला अडवायला ती पुरेशी आहे. तयार होणाऱ्या जी-कोडमध्ये, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञांत, कंपनीने हात घालू नये, असे माझे ठाम मत आहे.

शून्यरेषा
पटत नाही. घरच्या राउटरवर कोण हौसेने पाट्या कोरतो आणि कोण ८०० रुपयांची पाटी महिन्याला १२ जणांना विकतो, हे कंपनी कसे तपासणार? दुसऱ्याची वर्षाची विक्री १,१५,२०० रुपये होते, म्हणजे मर्यादेबाहेर. म्हणून उत्पादनात जिथे वेळ वाचतो तेवढेच काढून घेतले. मॉडेलिंग जवळपास पूर्ण ठेवले. हे मला रास्त वाटते.

शिवाय फटका किती, ते मोजा. प्लायवरच्या नावाच्या पाटीत १२० वेळा बिट उचलला, दर वेळी वर-खाली आणि आडवे मिळून २५ मिमी, तर हवेतला प्रवास ३,००० मिमी. मिनिटाला ५०० मिमीच्या फीडने ६ मिनिटे, २,००० च्या रॅपिडने दीड. साडेचार मिनिटांनी छंद बुडत नाही.

पाचर
पाटी हे सोयीचे उदाहरण झाले. ॲल्युमिनियमच्या प्लेटवर ४० छोटे पॉकेट (कोरलेले खळगे) घ्या, खोली ६ मिमी, दर पासला अर्धा मिमी. १२ थर, प्रत्येक थराला ४० उड्या, एक उडी ४० मिमीची. हवेतच १९,२०० मिमी. ४०० च्या फीडने ४८ मिनिटे, २,००० च्या रॅपिडने दहाच्या आत. एवढा वेळ स्पिंडल नुसता फिरत राहतो.

शून्यरेषा
त्यातली बहुतेक मिनिटे सेटिंगमुळे जातात. 'ऑर्डर बाय डेप्थ'ची खूण काढा. एक पॉकेट तळापर्यंत संपवूनच टूल पुढच्यावर जाईल. पॉकेटांमधल्या उड्या ४८० वरून ४० वर येतात. मग रिट्रॅक्टची, म्हणजे टूल वर उचलायची, उंची तपासा. माल धरणारे क्लॅम्प मधे नसतील तर १५ मिमीऐवजी ३ मिमी पुरते. ही शिस्त पैसे भरणाऱ्यानेही पाळावी.

टूलपाथ
जी० परत घालणाऱ्या स्क्रिप्ट फिरतात, त्याबद्दल सावध करतो. जी० मोडल आहे, एकदा आला की पुढच्या ओळींनाही लागू राहतो. खाली उतरायच्या ओळीत जी१ आणि फीडचा आकडा परत लिहिला नाही, तर टूल रॅपिडने मालात घुसते आणि ३ मिमीची एंडमिल जागीच मोडते. बदलायच्याच असतील तर सरळ वर जाणाऱ्या आणि रिट्रॅक्ट उंचीवरच्या आडव्या चालीच बदला. उतरणारी एकही नको. ग्रबलवर, म्हणजे हौशी मशीन चालवणाऱ्या मोफत कंट्रोलर सॉफ्टवेअरवर, जी० सरळ रेषेत जातो. काही औद्योगिक कंट्रोलरवर मात्र प्रत्येक अक्ष आपापल्या कमाल वेगाने सुटतो, वाट वाकते आणि क्लॅम्प आडवा येतो.

माझा आक्षेप इथेच आहे. कंपनीने बरोबर कोड दिला असता तर लोकांनी तो हाताने चिरफाडला नसता.

सुतारपक्षी
ऑटोमॅटिक टूल बदलही बंद आहे, पण त्याची तक्रार हौशी माणसाने करू नये. ग्रबल स्वतः एम६, म्हणजे टूल बदलायची आज्ञा, पाळत नाही. प्रत्येक टूलची वेगळी फाइल काढायची आणि नावातच क्रम घालायचा. चूक होते ती झेडच्या, म्हणजे उंचीच्या, शून्यात. पहिल्या टूलने वरचा पृष्ठभाग फेस केला, म्हणजे कापून सपाट केला, की मालाच्या वरचे शून्य नाहीसे होते आणि दुसरे टूल चुकीच्या उंचीवर कापते. सुरुवातीलाच शून्य मालाच्या तळाशी, म्हणजे बेडवर धरा. प्रत्येक टूल त्याच बेडला टेकवून घ्या.

कंपास
रॅपिडपेक्षा मोठा प्रश्न फ्यूजनमधून बाहेर पडण्याचा आहे. २०२० च्या मूळ घोषणेत स्टेप एक्स्पोर्टही, म्हणजे इतर सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल काढायची सोयही, काढायचे ठरले होते. लोक खवळले म्हणून ते राहिले. ड्रॉइंगमधून डीएक्सएफ (सपाट रेखाटनाची फाइल) मात्र गेलेच. आणि स्टेपमध्ये फक्त आकार जातो. स्केच, टाइमलाइन, पॅरामीटर मागे राहतात. फ्यूजनच्या स्वतःच्या एफ३डी फाइलीत सगळे असते, पण त्यात बदल करायला फ्यूजनच लागते.

शून्यरेषा
पर्याय कोणता मग? ऑनशेप या दुसऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरच्या मोफत खात्यात प्रत्येक डॉक्युमेंट सगळ्या जगाला दिसते. सॉलिड एज या तिसऱ्याच्या मोफत कम्युनिटी आवृत्तीची फाइल त्याच्या व्यावसायिक आवृत्तीत उघडत नाही. त्यापुढे फ्यूजनच्या अटी सौम्य आहेत. विद्यार्थ्याला तर शैक्षणिक परवाना वेगळा मिळतो.

कंपास
फ्रीकॅड, हे पूर्ण मोफत आहे. नोव्हेंबर २०२४ पूर्वी आधीच्या स्केचमध्ये बदल केला की पुढचे फीचर तुटायचे, तो त्रास त्या महिन्यातल्या १.० आवृत्तीने बराच कमी केला. कॅममध्ये (मशीनचा प्रोग्रॅम काढण्यात) फ्यूजनइतका सफाईदार नाही, हे मान्य. सर्किट बोर्डापुरता तर वादच नको: फ्यूजनच्या मोफत परवान्यात २ थर आणि ८० चौरस सेंमी, किकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ३२ थर आणि क्षेत्रफळाला अट नाही. फ्यूजनमध्येच राहायचे असेल त्यांनी प्रत्येक पक्क्या डिझाइनची एफ३डी आणि स्टेप दोन्ही आपल्या डिस्कवर ठेवावी, आणि पॅरामीटरची मापे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवावी. मॉडेल दुसरीकडे नव्याने उभे करताना तीच कामी येतात.