तीनपैकी एक सर्व्हर गपगार, तरी लोड बॅलन्सर दाखवतो हिरवा

रावेरचा_पोऱ्या
राम राम मंडळी. केळीच्या भावाचं आमचं छोटं अ‍ॅप आहे. पुढे एचएप्रॉक्सी (रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटून देणारा लोड बॅलन्सर), मागे तीन सर्व्हर, डेटाबेस एकच. सकाळी सात ते नऊ झुंबड, मग दिवसभर शुकशुकाट. मंगळवारी ऐन गर्दीत दोन नंबर लटकला. सावद्याच्या एका काकांचे तीन फोन: "पोरा, भाव दिसतो, मग नुसतं गोल फिरतं, मग परत दिसतो." म्हणजे दर तिसरी रिक्वेस्ट मरत होती. स्टेटस पानावर तिन्ही हिरवेगार! सर्व्हरच्या ओळीत 'चेक' लिहिलेलं आहे. चुकलं कुठे?

भुसावळकर
भो, नुसता 'चेक' लिहिला की एचएप्रॉक्सी सर्व्हरचा पोर्ट, म्हणजे जोडणीचं दार, उघडतो का तेवढंच बघतो. ते कनेक्शन कर्नलच (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) घेतं, आत अ‍ॅप घोरत का असेना. मे महिन्यात दुपारी आमच्या गल्लीत सगळी दारं उघडीच असतात, हाक मारून बघ कोण उठतं! एचटीटीपी चेक लाव, म्हणजे तो अ‍ॅपकडून एखादं पान मागून उत्तर बघेल. वेळा आहेत त्याच राहू दे: दर 2 सेकंदांनी विचारणा, लागोपाठ 3 नापास की बाहेर, 2 पास की परत आत.

रावेरचा_पोऱ्या
लावला. दोन नंबरचा कनेक्शन पूल (डेटाबेसकडच्या तयार जोडण्यांचा साठा) मुद्दाम तुंबवला. तरी हिरवाच.

भुसावळकर
पत्ता कोणता विचारतोय? मुखपृष्ठ असेल, आणि ते लॉगिनकडे ढकलत असेल. ते 302 झालं, म्हणजे 'दुसऱ्या पत्त्यावर जा' हा उत्तराचा कोड. दोनशे-तीनशेच्या घरातलं कुठलंही उत्तर तो पास धरतो. अन् लॉगिनकडे ढकलायला डेटाबेस लागतो कुठे? वेगळा पत्ता कर, अपेक्षा 200 चीच ('सगळं ठीक') ठेव.

जळगावचा_जुगाडू
एचएप्रॉक्सीच्या जागी एनजिनएक्स लावा ना सरळ.

भुसावळकर
फुकटातल्या एनजिनएक्सला खरी रिक्वेस्ट फसल्यावरच कळतं. काकांचा फोन येणारच.

धुळ्याची_ऑप्सवाली
थांब रे, त्या चेकच्या वेगळ्या पत्त्यात डेटाबेसची क्वेरी घालू नको. मी घातली होती. डेटाबेस दहा सेकंद अडखळला आणि सगळे सर्व्हर एकदम बाहेर, लोकांना कोरडं 503 ('सेवा सध्या बंद'). ती रात्र मी चहावर काढली. आपल्या पूलमधून कनेक्शन मिळतं का, एवढंच बघ. पूल तुंबला तर 503 दे. डेटाबेसच बसला असेल तर 200 दे आणि पानावर कालचा भाव तारखेसकट दाखव.

रावेरचा_पोऱ्या
तसंच केलं ताई. आज पूल परत तुंबवला, सहा-सात सेकंदांत दोन नंबर लाल. काकांना मीच फोन लावला. म्हणे, "दिसतो रे बरोबर, पण भाव पडलाय."