गच्चीवरची भाजी: सगळ्यांची की ज्याची त्याची?

गवतीचहा:
ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून ऋषीच्या भाजीला परसातलंच लागायचं. आळू, माठ, पडवळ, शिराळं, लाल भोपळा, मक्याचं कणीस. सगळं एकाच घरच्या परसात कुठून असणार? पडवळ इकडून, आळू तिकडून, अशीच ती भाजी जमायची. हल्ली मंडईत तयार वाटा मिळतो. ट्रॅक्टरनं नांगरलेल्या शेतातला. बैल सुटला, एवढंच.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत कुणाच्या ग्रिलमध्ये कढीपत्ता, कुणाकडे मायाळू, कुणाकडे चार मिरच्या आहेत. माझं म्हणणं, या सुट्या कुंड्या सोडून गच्चीवर एकच सामाईक बाग करावी. कचरा सगळ्यांचा, भाजीही सगळ्यांची. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी कँटीनच्याच ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली. मग आपल्याला काय अडचण आहे?

माजी_सेक्रेटरी:
अडचण स्लॅबची आहे. ओली माती घनमीटरला १६०० ते २००० किलो भरते. सहा इंचाचा वाफा केलात तर चौरस मीटरला अडीचशे-तीनशे किलो. वापरात असलेल्या गच्चीवर माणसं, सामान वगैरेंसाठी डिझाइनमध्ये साधारण दीडशे किलो धरतात. वॉटरप्रूफिंगच्या खर्चावरून आमच्याकडे दोन बैठका मोडल्या आहेत. वरच्या मजल्याच्या छताला ओल आली की 'सगळ्यांची बाग' म्हणणारे कुठे जातात, ते मला पाठ आहे.

तळमजला:
कुंड्यांखालच्या ताटल्याही विसरू नका. साचलेल्या पाण्यात अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. भाजी वाटाल तेव्हा वाटाल, डेंग्यू आधी वाटला जाईल.

गवतीचहा:
@माजी_सेक्रेटरी, माती भरा असं म्हटलंच नाही मी. मुंबईत डॉ. रमेश दोशी उसाची चिपाडं वापरून गच्चीवर भाज्या, फळं घ्यायचे. कोल्हापूरकडे श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारानंही, म्हणजे शेतीचे प्रयोग करणाऱ्यांच्या गटानं, पालापाचोळ्यावर भर दिला. रसवंतीवाला चिपाडं फेकूनच देतो. त्यात वाळका पाला आणि कंपोस्ट घातलं की वजन पुष्कळ उतरतं. तरी इंजिनिअरला दाखवूनच करायचं, हे मान्य. ताटल्या काढून टाकू.

वाडीवरची_आत्या:
मी मूळची रत्नागिरीकडची. आमच्याकडे परस कधीच सामाईक नव्हतं गो. बांधावरच्या झाडावरून कोर्टकचेऱ्या झालेल्या पाहिल्यात. आणि तीच माणसं फणस फोडला की गरे पाठवायची. एका घरात फणस संपतो होय? न्हाणीचं पाणी आळवाला जायचं, मग आळू इतका माजायचा की देऊन टाकल्याशिवाय गत्यंतर नाही. समोरून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, चार कोकमं तरी घालायची. येणं-जाणं टिकलं ते त्या भांड्यामुळे. तुमच्या सामाईक बागेत भांडं पाठवणार कोण? सगळंच सगळ्यांचं, म्हणजे दिलं कुणीच नाही.

लेस्टरकर:
आत्यांशी सहमत. इथे इंग्लंडमध्ये अलॉटमेंट असतात. मुळात नगरपालिकेची जमीन, भाजीपाला लावायला दिलेली, पण प्रत्येकाचा तुकडा वेगळा. १९०८ चा कायदा आहे त्यासाठी. जुन्या हिशेबानं एक तुकडा दहा रॉडचा, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर. वर्षाला भाडं भरायचं, आणि तुकडा पडीक ठेवलात तर काढून घेतात. हक्काची सीमा आखलेली असूनही उन्हाळ्यात कुर्जेट (काकडीसारखे दिसणारे भोपळे) इतके येतात की लोक शेजाऱ्याच्या दारात ठेवून पळतात. मी मेथी लावतो. शेजारचे पोलिश आजोबा जुडी घेतात आणि बीट देतात. आमच्यात बोलण्यासारखं दुसरं फारसं काही नाही.

गवतीचहा:
लेस्टरकर, २५० चौरस मीटर ज्याला मिळाले, त्यानं ऐसपैस उदार व्हावं. आमच्याकडे उत्तरेकडच्या फ्लॅटना ऊनच नाही. पुदिनासुद्धा रडतो. ज्याचं ग्रिल दक्षिणेला, तो दाता. बाकीचे जन्मभर 'थँक्यू हं काकू' म्हणत कढीपत्ता घेणार. आत्या, परत करायच्या भांड्यात घालायला ज्याच्याकडे काहीच उगवत नाही, तो दोन-तीनदा घेईल, मग दार उघडायचंच टाळेल. ऊन गच्चीवर आहे आणि गच्ची सगळ्यांची आहे. म्हणून सामाईक.

वाडीवरची_आत्या:
भांड्यात उगवलेलंच घालायचं असतं असं कुणी सांगितलं? वडीचा आळू मी देते, वड्या ती करून आणते. निम्म्या तिच्या, निम्म्या माझ्या. तिच्या माझ्याहून बऱ्या होतात, हेही सांगते.

तिखटजिरं:
दोन्ही बाजू फ्लॅटमालकांच्याच. पाणी घालणार कोण, ते कुणी बोललंच नाही. मे महिन्यात गच्चीवरची कुंडी दोन वेळा पाणी मागते, आणि तेव्हा अर्धी सोसायटी गावाला. माझ्या पाहण्यातल्या एका सोसायटीत उत्साह पहिल्या पालकापर्यंत टिकला. पुढे दोन निवृत्त काका आणि वॉचमन. वाटपाच्या दिवशी मात्र पिशव्या घेऊन सगळे हजर, आणि वॉचमनचं नाव यादीत नाही. का, तर तो 'सभासद' नाही!

खरी गंमत पुढे. त्याच वॉचमनच्या बायकोनं पंप रूममागच्या हातभर जागेत माठ आणि मिरच्या लावल्या होत्या. येता-जाता मागणाऱ्याला मूठभर द्यायची. कमिटीनं पेव्हर ब्लॉक बसवताना ते उपटायला लावलं, आणि वर्षभरात नोटीस बोर्डावर 'चला, भाजी पिकवू या' लागलं. शेजार म्हणताना आपण कुणाकुणाला मोजतो, ते आधी ठरवा. वाफे नंतर आखा.

गवतीचहा:
मोजा की. जो पाणी घालेल त्याचा पहिला वाटा, फ्लॅट असो वा नसो. मला चालेल.

माजी_सेक्रेटरी:
तुम्हाला चालून उपयोग नाही. गच्ची सोसायटीची आहे, सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची आहे, तेव्हा विषय आताच लेखी द्या. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: वजन कोण तपासणार, गळतीचा खर्च कुणाच्या माथी आणि तिखटजिरं म्हणतात तो वॉचमनचा वाटा. पहिल्या दोन लिहायच्या राहिल्या तर मी विरोधात मत देईन. तिसरी राहिली तरी देईन.

तळमजला:
ताटल्यांचंही लिहा.