डॉल्फिन चावत नाही, गिळतो

वर विचारलंय की डॉल्फिनला एवढे दात असतात, तर तो मासा चावून खातो का? नाही. ते दात सगळे एकसारखे, टोकदार, निसटता मासा धरण्यापुरते. दाढा नाहीतच. त्यामुळे मासा डोक्याकडून आत, तोही अख्खा.

डोक्याकडूनच का, ते आमच्या सोलापुरात हिप्परग्याच्या तलावावर बघायला मिळतं. पाणकावळा चोचीतला मासा वर उडवतो, झेलतो, डोकं घशाकडे आलं की मगच गिळतो. ज्यानं घरी चिलापी साफ केलाय त्याला वेगळं सांगायला नको: पाठीचे काटे मागे झुकलेले, शेपटीकडून उलटा हात फिरवला की बोटातून रक्त. मेक्सिकोच्या आखातातले काही डॉल्फिन तर शिंगाळ्याच्या जातकुळीतल्या माशाचं काटेरी डोकं तोडून टाकतात आणि मागचा भाग तेवढा खातात. आपल्याकडच्या नखरेल खवय्यांसारखंच!

खुराक रोज वजनाच्या साधारण ४ ते ६ टक्के. म्हणजे २०० किलोच्या डॉल्फिनला ८ ते १२ किलो मासळी. पाणीही बहुतेक त्यातूनच मिळतं, समुद्राचं खारट पाणी तो पीत बसत नाही.

आणि ‘माणसाला मदत करतात ही थाप’ असं एकानं लिहिलंय, ते चूक. ब्राझीलमधल्या लागुना गावात डॉल्फिन बोय माशांचे थवे किनाऱ्याकडे हाकतात, डोकं किंवा शेपूट आपटून इशारा देतात, की कोळी जाळं फेकतात. परोपकार वगैरे काही नाही हो, जाळ्यामुळे थवा फुटतो आणि त्यांनाही आयते मासे मिळतात.